दोन चौरस फुटांचा बागायतदार

महाराष्ट्रात 'बागायतदार' या शब्दाला एक वजन आहे. नुसतं 'शेतकरी' म्हटलं की ऐकणारा सहानुभूतीनं मान हलवतो आणि पाऊसपाण्याची चौकशी करतो. 'बागायतदार' म्हटलं की तोच गृहस्थ खुर्ची पुढे ओढून देतो आणि मुलांची लग्नं झाली का, असं विचारतो. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, की मी बागायतदार आहे. माझी सगळीच्या सगळी जमीन ओलिताखाली आहे. ऐन मे महिन्यात, आमची सोसायटी टँकरच्या हॉर्नकडे कान लावून बसलेली असते तेव्हासुद्धा, माझ्या शेतात दहा इंच पाणी उभं असतं. क्षेत्रफळ दोन चौरस फूट. १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर धरला, तर माझी जमीन एकराचा एकवीस हजार सातशे ऐंशीवा हिस्सा भरते. अल्पभूधारकांतसुद्धा मला कोणी पंक्तीला बसवणार नाही.

गट नंबर नाही, सातबारा नाही. मुक्काम बिबवेवाडी, दुसरा मजला, हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी. तीत सहा गप्पी मासे राहतात आणि उरलेल्या जागेत शेती.

ही जमीन वडिलोपार्जित नाही. ती मला मुलीकडून वारसानं आली. जगाची रीत उलटी आहे खरी, पण हल्ली पुण्यात मुलं परदेशी जातात आणि इस्टेट मागे ठेवून जातात, त्यामुळे वारसा खालून वर चढतो. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांना मुलाकडून एक गिटार, एक मांजर आणि व्यायामशाळेची सहा महिन्यांची भरलेली वर्गणी असा वारसा मिळाला. त्या मानानं माझं बरं. आमची मुलगी दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात जर्मनीला शिकायला गेली. जाताना तिनं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि माझ्या हातात एक कागद दिला. कागदावर चार ओळी होत्या. दिवा सात तास. माशांना खाणं चिमूटभर. खत आठवड्यातून एकदा. आणि चौथी ओळ खाली दोन रेघा मारून: 'बाबा, सारखे हात घालू नका.'

छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला चौथी ओळ फोड करून सांगावी लागत नाही. मुदत ठेव म्हणजे दुसरं काय असतं? सारखा हात घातला की व्याज गेलं.

आता आमच्या पिकांची ओळख करून देतो. दगडाला दोऱ्यानं बांधलेलं, जाड, गडद हिरव्या पानांचं ते अनुबियस. मूळ गाव पश्चिम आफ्रिका. त्याचं आडवं खोड हळदीच्या गड्ड्यासारखं असतं, आणि तो गड्डा वाळूत पुरायचा नाही. पुरला की कुजतो. म्हणून त्याला दगडावर किंवा लाकडावर बसवतात. महिन्याभरात एखादं नवीन पान काढतं. सरकारी नोकरीतली बढतीसुद्धा कधी कधी याहून लवकर होते. त्याच्या शेजारचा जावा फर्न हा नेचा. त्याचीही तीच तऱ्हा, गड्डा उघडा हवा. याच्या जुन्या पानाच्या टोकाला आपोआप पिल्लू फुटतं, मुळांसकट. सौ.नं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला वाटलं, पानाला कीड लागली.

मागच्या बाजूला उभ्या, गवतासारख्या लांब पट्ट्या दिसतात ती व्हॅलिस्नेरिया. ही आपल्याकडच्या ओढ्या-तळ्यांतलीच. तिची मुळं वाळूत असतात आणि वाळूखालून तिचं धावतं खोड पळत असतं, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखं. आज एक झाड दिसलं तर चार महिन्यांत दहा. आणि पुढे, बुटकी, तपकिरी-हिरव्या पानांची ती क्रिप्टोकोरीन वेंड्टाय, श्रीलंकेची. तिच्या काही बहिणी आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतून आणि कोकणात राहतात, पण टाकीत येते ती बहुधा लंकेची. घरात इतकं लांब नाव कोण घेणार? आम्ही तिला 'क्रिप्टो' म्हणतो. या लाडक्या नावानं पुढे जो घोटाळा केला तो यथावकाश येईलच.

नवशिक्यांनी लावायची झाडं ती हीच, असं जाणकार सांगतात. यांना कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागत नाही. ताकाशी अमानो नावाचे एक जपानी छायाचित्रकार होते (१९५४ ते २०१५), त्यांनी टाकीत अख्खी डोंगरदऱ्यांची चित्रं उभी करायची कला जगाला शिकवली. त्या प्रकारात वायूचं सिलिंडर, झगझगीत दिवे आणि रोजची कातरणी सगळं आलं. आमच्या घरात सिलिंडर एकच, स्वयंपाकघरातलं, आणि ते कधी संपेल याची काळजी आम्हाला पुरेशी आहे.

पाहुण्यांना मात्र यातलं काहीही ओळखू येत नाही. ते टाकीकडे बघून मनापासून म्हणतात, "वा! शेवाळं काय छान वाढलंय!" बागायतदाराला 'तुमच्याकडे तण छान आलंय' म्हणावं, त्यातला हा प्रकार. मी शांतपणे समजावतो, की शेवाळ वेगळं आणि झाडं वेगळी. शेवाळ हे आमच्या शेतातलं तण. दिवा जास्त वेळ राहिला, खाणं जास्त पडलं, की झाडांना खाऊन जे उरतं ते शेवाळ खातं आणि काचेवर हिरवा लेप चढवतं. म्हणूनच दिवा सात तास. त्यासाठी मी टायमर बसवला. दुपारी तीनला दिवा लागतो, रात्री दहाला विझतो. "पस्तीस वर्षांत या घरात न्हाणीघराचा दिवा कोणी वेळेवर बंद केला नाही," सौ. म्हणाली, "आणि गवताला टायमर!"

खरं तर झाडं आणि मासे यांचा हा संसार कोणी पहिल्यांदा जुळवून पाहिला, ती गोष्ट मला फार आवडते. लंडनचे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ. १८५० साली त्यांनी जाहीर केलं, की काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश सोडले, व्हॅलिस्नेरिया लावली, आणि पाणी न बदलता मासे जगले. मासे सोडतात तो वायू झाड घेतं, झाड सोडतं तो प्राणवायू मासे घेतात. पण थोड्याच दिवसांत जुनी पानं सडून पाणी गढूळ व्हायला लागलं. तेव्हा गृहस्थांनी काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी सडकं खाल्लं आणि घडी बसली. बघा, संसार नवराबायकोचाच, पण घरात एक आवराआवर करणारं माणूस लागतंच.

आपल्यापैकी बहुतेकांनी यातला अर्धा प्रयोग शाळेत केलेला आहे. चंचुपात्रात हायड्रिला, तिच्यावर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर उलटी परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुडे वर जातात. नळीत ऑक्सिजन जमतो आणि विझत आलेली काडी भुर्रकन पेटते. आमच्या शाळेत ती काडी कधीच पेटली नाही. गुरुजी 'पेटली असं लिहा' म्हणायचे. ही हायड्रिला आपल्याकडे ओढ्यात फुकट. १९५० च्या दशकात तिला मासे पाळणाऱ्यांसाठी म्हणून फ्लोरिडात नेली, तर तिनं तिथली तळी आणि कालवे भरून टाकले. आपल्याकडे दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी मुळा-मुठेत पसरते, त्याची ही परतफेड समजायला हरकत नाही.

जलपर्णीवरून आठवलं. आमच्या खालच्या मजल्यावर कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना 'साहेब' म्हणतात. मी खताचा विषय काढला तेव्हा साहेब हसले. म्हणाले, "नदीकाठी उभे राहा, खताचं सगळं शास्त्र दिसेल. सांडपाण्यातून नत्र येतं, फॉस्फरस येतो. ते खाऊन जलपर्णी माजते. मग महापालिका ती काढायला दरवर्षी पैसे मोजते. आणि तुम्ही इथं पैसे मोजून पाण्यात नत्र घालणार!" एवढं बोलून ते चहा प्यायले आणि मला मदत करायला तयार झाले. पुण्यात मदतीची सुरुवात अशीच होते.

खताबद्दल सल्ला देणारे ते एकटेच नव्हते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी धुतलेली चहाची पूड घालायला सांगितली. त्यांचा गुलाब तिच्यावरच पोसलेला आहे. कोणी अंड्याची टरफलं म्हटलं. सोसायटीच्या माळ्यानं शेणखताला पर्याय नाही असं सांगून, दुसऱ्या दिवशी एक घमेलंभर आणूनही दिलं. मी ते नम्रपणे कुंड्यांकडे वळवलं. जमिनीवरचं खत टाकीत चालत नाही याचं कारण साधं आहे. पाण्यात मासे आहेत. शेण असो की युरिया, त्याचा पाण्यात अमोनिया होतो, आणि थोड्याशा अमोनियानंही मासे तडफडतात. युरिया म्हणजे तर ४६ टक्के नत्र. उसाला तो मानवतो, कारण उसाच्या सरीत गप्पी पोहत नाहीत.

तसं पाहिलं तर नत्राचा कारखाना टाकीत आधीच चालू असतो. मासे खातात, मग जे करायचं ते करतात. त्याचा अमोनिया होतो. वाळूत आणि फिल्टरमध्ये राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि झाडं ते खातात. पण माझ्या टाकीत कामगार सहाच, तेही बोटाच्या पेराएवढे. त्यांच्यानं दोन चौरस फुटांच्या शेतीला लागणारं सगळं उत्पादन होईना. आणि त्यांच्या उत्पादनात पालाश फारसा नसतोच.

हे पालाशाचं साहेबांनी शोधलं. एक दिवस ते चष्मा कपाळावर चढवून टाकीला नाक लावून बसले. जावा फर्नच्या जुन्या पानांवर टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं होती. "पोटॅश कमी आहे," साहेब म्हणाले. मग नजर व्हॅलिस्नेरियाच्या कोवळ्या पानांकडे गेली. ती फिकट पिवळी, जवळजवळ पांढरी होती. साहेब एकदम सरळ झाले. "अहो, केवडा पडलाय!" साहेबांच्या आवाजात जुनी नोकरी जागी झाली होती. उसावर लोहाची कमतरता पडली की पानं केवड्यासारखी पिवळीफट्ट होतात, त्याला शेतकरी केवडा म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी दिलेला धडा मी अजून विसरलेलो नाही. रोग जुन्या पानावर असेल तर नत्र-पालाशाकडे बघा, कारण झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं. नव्या पानावर असेल तर लोहाकडे बघा. लोह जुन्या पानातून हलत नाही. म्हणजे नत्राच्या बाबतीत झाड आईबापांसारखं वागतं आणि लोहाच्या बाबतीत आमच्या सोसायटीच्या खजिनदारांसारखं.

"मग सगळंच थोडं जास्त घालू या?" सौ.नं विचारलं.

साहेबांनी मान हलवली आणि एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत गेले. श्प्रेंगेल आणि लीबिग या दोघा जर्मनांनी सांगून ठेवलंय, की झाडाची वाढ सगळ्यांत जास्त असलेल्या अन्नावर ठरत नाही, सगळ्यांत कमी असलेल्यावर ठरते. सौ.च्या चेहऱ्यावर काही दिसेना. तेव्हा साहेब म्हणाले, "वहिनी, चार किलो डाळ आहे, चार किलो गूळ आहे, आणि कणीक वाटीभर. पुरणपोळ्या किती होतील?" "कणकेइतक्या," सौ. तत्काळ म्हणाली. "आणि उरलेलं पुरण?" "मुंग्यांना." "इथं मुंग्यांच्या जागी शेवाळ." हे सौ.ला इतकं पटलं, की आता ती पाहुण्यांना लीबिग शिकवते.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी खताची बाटली छोटी आणि किंमत अत्तराची. साहेब म्हणाले, "द्राक्षवाल्यांचं खत घ्या. ठिबकमधून सोडतात ते. आत वस्तू तीच असते." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: तेरा झिरो पंचेचाळीस, झिरो बावन चौतीस, चिलेटेड लोह. पहिल्यात नत्र १३ टक्के आणि पालाश ४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. दुसऱ्यात स्फुरद ५२ आणि पालाश ३४. ती चिठ्ठी घेऊन मी मार्केट यार्डाच्या बाजूला एका कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानात टोपीवाले तीन शेतकरी बसले होते. मालकांनी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे आदरानं पाहिलं.

"द्राक्ष का?"

"नाही."

"डाळिंब?"

"नाही. पानांसाठीच पाहिजे."

"पालेभाजी! बरं. क्षेत्र किती?"

आता खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी हातानं दाखवलं. मालकांनी माझ्या दोन पंजांमधलं अंतर बघितलं, मग शेतकऱ्यांकडे बघितलं. मी सगळी हकीकत सांगितली. एका टोपीवाल्यानं गंभीरपणे विचारलं, "आणि पाणी कसं देता?" दुसऱ्यानं विचारलं, "बाजारभाव काय मिळतो?" पण त्यांना थट्टेपलीकडची उत्सुकता होती. केवड्याचं सांगितल्यावर तिघंही पुढे सरकले. हिराकस वापरू नका, चिलेटेडच घ्या, पाण्यात टिकतं, असं मला त्यांनीच सांगितलं. निघताना मालक म्हणाले, "किलोच्या खाली पुडा येत नाही, दादा." घेतला.

घरी येऊन हिशेब केला. टाकीत धरून चालू पन्नास लिटर पाणी. आठवड्याला अर्धा ग्रॅम तेरा झिरो पंचेचाळीस पुरतं. झिरो बावन चौतीस त्याच्या दहाव्या हिश्शानं. आता अर्धा ग्रॅम कशानं मोजायचं? पंचवीस ग्रॅम खत अर्धा लिटर पाण्यात विरघळवायचं, म्हणजे दहा मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम येतं. आणि खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारं झाकण नेमकं दहा मिलिलिटरचं असतं. बाटलीवर मी ठळक अक्षरात लिहिलं, 'खोकल्यावर घेऊ नये'. राहिला पुड्याचा हिशेब. हजार ग्रॅम, आठवड्याला अर्धा ग्रॅम, म्हणजे दोन हजार आठवडे. अडतीस वर्षं. मी त्रेसष्टचा. तो पुडा संपेल तेव्हा मी एकशे एक वर्षांचा असेन. आयुष्यात इतक्या लांबच्या मुदतीची गुंतवणूक मी बँकेतसुद्धा कोणाला सुचवली नव्हती.

पाण्यातलं हे खत अनुबियस आणि जावा फर्नसाठी. ते पानांनी आणि उघड्या मुळांनी पाण्यातूनच खातात. व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टो बरंचसं मुळांनी खातात. त्यांना दोन-तीन महिन्यांनी एकदा मुळाशी खताची गोळी वाळूत खोचावी लागते, लांब चिमट्यानं. त्याची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर 'गोळी' अशी लिहितो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणण्याची तारीखही सौ. तिथेच 'गोळी' अशी लिहिते. अजूनपर्यंत ज्याची त्याला पोचलेली आहे.

आता तो घोटाळा. मुलगी गेली तेव्हा टाकी तिच्या खोलीत होती. पंधरा दिवस आम्ही दोघं आळीपाळीनं त्या खोलीत जायचो, टाकीला खाणं घालायचो आणि काहीतरी निमित्त काढून तिथंच बसायचो. शेवटी सौ.च म्हणाली, "अहो, टाकी बाहेर घेऊ या. नाहीतर आपण दोघंही या खोलीतच राहायला येऊ." टाकी बाहेर आली. पाणी काढलं, झाडं काढली, पुन्हा लावली. आठ दिवसांत क्रिप्टोची पानं काचेसारखी पारदर्शक व्हायला लागली आणि गळून पाण्यात विरघळली. क्रिप्टोची ही जातीची खोड आहे. जागा बदलली, पाणी बदललं, प्रकाश बदलला, की पानं टाकते. इंग्रजीत त्याला 'मेल्ट' म्हणतात, वितळणं. मी वाचलेलं होतं, त्यामुळे मी स्वस्थ होतो. सौ. नव्हती. "तिची झाडं गेली," एवढंच ती म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची.

त्याच सुमारास लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला विचारलं, "काय, चेहरा का उतरलाय?" मी म्हणालो, "काही नाही हो. घरात जरा वातावरण ठीक नाही. आमचं सगळं क्रिप्टो गेलं." सेक्रेटरी गप्प झाले. संध्याकाळपर्यंत ए, बी आणि सी विंगमध्ये बातमी पोचली, की बँकेतल्या माणसानं फंडाचे सगळे पैसे कुठल्याशा नाण्यात घालून बुडवले. पहिल्या मजल्यावरच्या काकू डबा घेऊन आल्या. एका शेजाऱ्यानं उसने घेतलेले बाराशे रुपये न मागता आणून दिले. तीन वर्षं मी त्यांची वाट बघत होतो. खजिनदार हळूच म्हणाले, "किती गेलं?" मी म्हणालो, "अकरा." "लाख?" "झाडं." पण तोवर ते सुस्कारा टाकून बसले होते. "मुळं शाबूत आहेत, येईल परत," असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जुगारी माणसं अशीच बोलतात, असा काहीसा भाव त्या हातात होता.

आणि त्याच आठवड्यात एका रात्री मुलीचा फोन आला. चेहरा निम्मा झाला होता. तिकडे थंडी पडायला लागली होती, अंधार लवकर पडायला लागला होता, खोलीत कोणी बोलायला नाही, अभ्यासाची भाषा कळते पण हसण्याची कळत नाही, असं ती बोलत राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, मी परत येऊ का?" सौ.च्या ओठावर 'ये' आलेलं मला दिसत होतं. मला काही सुचेना. कागदावरची चौथी ओळ सोडून दुसरं काही आठवेना. काहीतरी करायचं म्हणून मी फोन टाकीकडे वळवला. पुढच्या बाजूला नुसती वाळू आणि तीतून वर आलेले तपकिरी खुंट.

ती एकदम ओरडली, "बाबा! क्रिप्ट मेल्ट! उपटलं नाहीत ना? अजिबात उपटू नका. पानं सगळीच जातात, नवीन पाण्याची सवय नसते म्हणून. मुळं जिवंत असतात. तीन-चार आठवडे नुसतं ठेवा, आपोआप..."

मग ती थांबली. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. पंपाचा आवाज तेवढा येत होता. शेवटी सौ. म्हणाली, "जेवलीस का?" आणि संभाषण वरणभातावर आलं.

पंचविसाव्या दिवशी पहिल्या खुंटातून सुईच्या टोकाएवढं तांबूस पान वर आलं. त्याचा फोटो सौ.नं पाठवला. तो बघायला साहेब आले, आणि सी विंगचे खजिनदारही आले. त्यांचं मात्र थोडं निराशच झाल्यासारखं वाटलं.

पाणी बदलण्यावरून मात्र खरी लढाई झाली. दर रविवारी टाकीतलं पाव पाणी काढून तेवढं ताजं घालायचं असतं. सेक्रेटरींनी पाणीटंचाईच्या सभेत हा विषय काढला. मी उठून हिशेब सांगितला: बारा-तेरा लिटर. एक बादली. आणि तीही वाया जात नाही, ते पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना जातं. माशांचं नायट्रेट त्यात असतं, त्यामुळे सौ.चा मोगरा असा फुलायला लागला की जिन्यापर्यंत वास येतो. सभेतल्या बायकांनी पाण्याच्या विषयावर माझ्या बाजूनं मत दिलं आणि दुसऱ्या रविवारी तीन जणी बाटल्या घेऊन दारात उभ्या. 'माशांचं पाणी' अशी त्याला आमच्या इमारतीत आता मागणी आहे. सौ. ते मोजून देते.

ताजं पाणी घालताना एक पथ्य. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून बादली आदल्या दिवशी भरून उघडी ठेवायची. टँकर आला तर ते बहुतेक बोअरचं, जड पाणी. चहाला त्याची चव लागते, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, सगळी सोसायटी कुरकुरते. एकटी व्हॅलिस्नेरिया खूष असते. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घ्यायची युक्ती तिला येते. बिबवेवाडीचं पाणी मनापासून मानवणारं आमच्या घरात ते एकच.

मुलगी आता तिकडे रुळली आहे. गेल्या महिन्यात तिनं व्हिडिओवर तिच्या खोलीतली नवी टाकी दाखवली. खिडकीशी, छोटी, दहा-बारा लिटरची. दुकानातून एक झाड आणलंय म्हणाली, नवशिक्यांसाठी उत्तम, सहज जगतं. कॅमेरा जवळ नेला. बारीक, मांसल, समोरासमोरची पानं.

"नाव काय?" सौ.नं विचारलं.

"बकोपा मोनिएरी."

साहेब योगायोगानं चहाला आलेलेच होते. त्यांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, "वहिनी, ही आपली जलब्राह्मी. भातखाचराच्या बांधावर पडलेली असते."

"ब्राह्मी?" सौ. फोनच्या आणखी जवळ गेली. "केवढ्याला घेतलीस?"

"सहा युरो."

सौ.नं मनातल्या मनात शंभरानं गुणलं. तिच्या चेहऱ्यावर सहाशे रुपये स्पष्ट उमटले. मग काही क्षण ती त्या काडीभर झाडाकडे बघत राहिली.

"बरं, असू दे," ती म्हणाली. "खत काय घालतेस तिला?"

त्यानंतर पाऊण तास मायलेकी तेरा झिरो पंचेचाळीसवर बोलत होत्या. मला मध्ये तोंड घालायला मिळालं नाही. साहेबांचा चहा गार झाला, दहा वाजले, टायमरनं टाकीतला दिवा विझवला, तरी त्यांचं चालूच होतं.